बाबांचा पहिला मासा

१७ मे १९८६, शनिवार

आई गेल्यापासून बाबा गप्पच. नागपूरहून इकडे नॉर्थ कॅरोलिनाला आणलं, त्यालाही दोन महिने झाले. आज संध्याकाळी तळ्यावर नेलं, म्हटलं क्रॅपी, म्हणजे इथल्या तळ्यातले छोटे मासे, धरायला शिकवू. त्यांच्या हातात गळ आयुष्यात पहिल्यांदाच. दोरीवरचा तरंगता फ्लोट बुडाल्याबरोबर त्यांनी हिसका दिला आणि मासा सुटला.

"बाबा, हळू. याचं तोंड फार नाजूक असतं, फाटतं."

दुसरा मात्र त्यांनी अगदी सावकाश ओढून घेतला, बादलीत सोडला. मग पाण्याकडे बघत म्हणाले, "आईच्या आजारपणाची तार तुला मीच उशिरा केली. ती तुझं नाव घेत होती. मला वाटलं, तुझी नवी नोकरी, कशाला धावपळ. बरी होईल ती."

आईला शेवटचं बघता आलं नाही, याचा दोष इतके दिवस मी स्वतःला देत होतो. आणि तोंडातून निघालं काय, तर "गळाला नवं आमिष लावा." मग मीच लावून दिलं. का बोललो नाही? त्या सुटलेल्या माशाचं फाटलेलं तोंडच सारखं डोळ्यांपुढे येतंय.

मला राग आलाय. उद्या ते त्यांना सांगणार आहे. आणि संध्याकाळी पुन्हा तळ्यावर नेणार आहे.