गार्लंडच्या इंजिनाची वासलात

लिहून ठेवणार: ओपल रूथ स्टकी, वय ७६, धंदा शर्यतीची इंजिने बांधणे, राहणार डॅनर्स फोर्क, टेनेसी.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. डॉक्टरांची तक्रार माझ्या फुप्फुसांबद्दल आहे, डोक्याबद्दल नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मुलगा रॉइस आणि धाकटा दीर व्हर्लिन या दोघांनी तसा प्रयत्न करून पाहिला, दोघांनाही मी दार दाखवले. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती. हेही रागातच करते आहे, पण हे शेवटचे.

कलम १. राहते घर व मागील जमीन रॉइस यास. छत गळते. दर थँक्सगिव्हिंगला टर्की खाताना तो वर बघतो, "आई, हे एकदा बघायला हवं," म्हणतो आणि पुन्हा ताटात हात घालतो. आता बघ म्हणावं.

कलम २. बँकेतील रक्कम, दफनाचा खर्च वजा जाता, बाप्टिस्ट चर्चच्या स्वयंपाकघरास. पाद्रीबाबांच्या नव्या गालिच्याला त्यातला एक सेंटही लावू नये.

कलम ३. फटी मोजण्याच्या माझ्या पोलादी पात्यांचा जुडगा व्हर्लिन स्टकी यास. का, ते न्यायाधीशांसाठी लिहिते. इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडतो तो कॅम. सॉलिड रोलर प्रकारात कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधे एक बारीक फट ठेवावी लागते आणि झाकणे उघडून ती पुन्हा पुन्हा मोजावी लागते. हायड्रॉलिक रोलरमध्ये ती फट तेल आपोआप भरून काढतं. मी आणि माझा नवरा गार्लंड सॉलिडवाले. व्हर्लिन हायड्रॉलिकवाला. या एका गोष्टीवरून त्याने आमच्या दुकानातून अंग काढून घेतलं आणि रस्त्यापलीकडे स्वतःचं थाटलं.

"वहिनी, माझं इंजिन बंद केलं की विसरून जायचं. तू बसतेस रात्रंदिवस फटी मोजत."

"तुझं इंजिन ऐन वेगात दम टाकतं, व्हर्लिन. माझं तिथून पुढे पळायला लागतं."

"आणि उभं असताना शिवणयंत्रासारखं खडखडतं!"

"खडखडू दे. तुझ्या बडबडीपेक्षा बरं."

जुडग्यातलं सगळ्यांत पातळ पातं त्याने जपून ठेवावं. त्याची अक्कल त्याहून जाड नाही.

कलम ४. आता ज्याच्यासाठी हे सगळे टपून बसले आहेत ते: गार्लंडची गाडी, इंजिनासह.

सॉलिडचं एक आहे, त्याला रेंगाळणं मानवत नाही. इंजिन सावकाश फिरलं की कॅमवर तेल नीट उडत नाही आणि त्यावर फिरणाऱ्या रोलरच्या आतल्या सुईएवढ्या सळया कोरड्या पडतात. हे रॉइसला पाळण्यात असल्यापासून ऐकवलं होतं. तरी बापाच्या अंत्ययात्रेत त्याने ही गाडी शववाहिकेच्या मागे, दिवे लावून, चर्चपासून दफनभूमीपर्यंत गोगलगायीच्या चालीनं आणली. वर प्रार्थना चालू असताना ती चालूच ठेवली. म्हणे, "बाबांना ऐकू दे."

सगळं गाव रडत होतं. मला मात्र खडखडीचा सूर बदललेला ऐकू आला. पाद्रीबाबांचा हात माझ्या खांद्यावर, समोर उघडा खड्डा. मी हळूच म्हटलं, "रॉइस, बंद कर ते."

तो सगळ्यांदेखत ओरडला, "आई, आज तरी तुझं इंजिन सोड ना!"

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर तेलात सळयांचा चुरा आणि कॅमला ओरखडे. गार्लंडच्या हातचं शेवटचं इंजिन त्याच्याच थडग्याशी संपलं. व्हर्लिन माझ्याच स्वयंपाकघरात बटाट्याचं कॅसरोल चापत म्हणाला, "हायड्रॉलिक असता तर टिकला असता." तो खरं बोलत होता, म्हणूनच मी ते भांडं त्याला फेकून मारलं. रॉइसशी त्या दिवसापासून टर्कीपुरतं बोलणं राहिलं.

इंजिन मी पुन्हा बांधलं, पुन्हा सॉलिडच. या वसंतात रॉइस आला. "आई, मला ती गाडी हवीय."

"फटी मोजशील?"

"नाही. कशाला खोटं बोलू? मला ती फक्त रविवारी चालवायचीय. बाबांची आहे म्हणून."

"मी जिवंत असेपर्यंत नाही मिळायची."

"मग थांबतो," म्हणाला आणि दार आपटून गेला. हलकट. उंबऱ्यावर अगदी बापासारखा दिसला.

सबब सदर गाडी व इंजिन मी रॉइस यास देत आहे. मागच्या महिन्यात, नाकात ऑक्सिजनची नळी असताना, मी त्यातला सॉलिड कॅम काढला आणि हायड्रॉलिक बसवला. जड उचलायला शेजारचा डेल्बर्ट होता. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही नरम घातल्या. सॉलिडच्या कडक स्प्रिंगा तशाच ठेवून हायड्रॉलिक चेचून टाकणारे महाभाग आहेत, त्यातला एक माझा दीर आहे. मग चालू करून पाहिलं. काही आवाजच नाही. मी तिथेच पिंपावर बसून रडले. रॉइस, आता झाकण उघडायची गरज नाही. विसरलास तरी चालेल, तू विसरणारच आहेस.

व्हर्लिनला हे मातीत जाईपर्यंत कळू देऊ नये. मी जाईपर्यंत, तो नव्हे, जरी त्यालाही माझी हरकत नाही.

कलम ५. काढलेला सॉलिड कॅम तेल लावून, फडक्यात गुंडाळून माझ्यासोबत पेटीत ठेवावा. पेटी जड झाल्याची कुरकूर कोणी करू नये.

कलम ६. अंत्ययात्रेत शववाहिकेच्या लगेच मागे गार्लंडची गाडी असावी आणि ती रॉइसनेच चालवावी. हळू चालव. हवी तितकी हळू. प्रार्थना कितीही लांबली तरी चालू ठेव. या वेळी तुला कोणी बंद कर म्हणणार नाही.

सही: ओपल रूथ स्टकी

साक्षीदार (दोघांनाही यातून काहीही मिळणार नाही, म्हणूनच बोलावले):
१. डेल्बर्ट इंगल, शेजारी
२. नोव्हेला क्रम, घरी येणारी नर्स

स्थळ: डॅनर्स फोर्क, टेनेसी
दिनांक: ९ ऑक्टोबर २०१९