दोन दगडांचा झोका

कान्हे, गुरुवार, जानेवारी १९३८

पुस्तकात लिहिलंय, लंबकाचं वजन वाढवलं तरी एका झोक्याला लागणारा वेळ तोच राहतो. सकाळपासून हे मला पटेना. मॅट्रिकसाठी नुसतं पाठ करून भागलं असतं, पण राहवलं नाही. संध्याकाळी गोठ्याच्या तुळईला सारख्या लांबीच्या दोन दोऱ्या बांधल्या. एकीला लिंबाएवढा दगड, दुसरीला नारळाएवढा. दोन्ही एकदम सोडले, तर मोठा दगड मागे पडत गेला!

सासूबाई धार काढून उठत होत्या. माझ्या परीक्षेला त्यांचा पहिल्यापासून विरोध. म्हणाल्या, "जड हाये त्यो. मागं ऱ्हानारच."

मग पुस्तक खोटं? बराच वेळ त्या मोठ्या दगडाकडे बघत बसले. मग लक्षात आलं, लांबी गाठीपर्यंत नाही, दगडाच्या मध्यापर्यंत धरायची. मोठ्याचा मध्य खाली गेला होता. त्याची दोरी आखूड करून दोघांचे मध्य एका पातळीत आणले.

"आत्याबाई, आता तुम्हीच सोडा."

त्यांनी चरवी खाली ठेवून दगड सोडले. दोन्ही जोडीने गेले, जोडीने परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. सासूबाई बघतच राहिल्या.

"ह्ये परीक्षेत इचारत्यात?"

"विचारतात."

"आन् परीक्षा कुटं असती?"

"पुण्याला."

चरवी उचलून त्या आत गेल्या. जेवण वाढताना ह्यांना म्हणाल्या, "तिला पुन्याला एकटी धाडू नगंस. मी जाईन संगं."