रद्द करण्याचं खरं कारण

शोरूमचे मॅनेजरसाहेब,

गाडीचं बुकिंग रद्द करताना कारणाच्या रकान्यात मी 'वैयक्तिक' लिहिलं, तेव्हा "डिपॉझिट विसरा" म्हणालात. तेवढ्यात माझ्यामागून ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई आत आल्या आणि तुम्ही ताडकन उभे राहिलात! तुम्हीही त्यांचेच विद्यार्थी निघालात. चेक हातोहात मिळाला.

खरं कारण ऐका. लायसन्सच्या परीक्षेत मी तीनदा नापास झालो. दोनदा मुद्दाम, शिकवणी संपू नये म्हणून. तिसऱ्यांदा मात्र, बाई शेजारी बसलेल्या असताना, जीव ओतून चालवली, तरी गाडी मध्येच गचकन थांबली. मग बाईच म्हणाल्या, "नवी गाडी कशाला? लग्न करू, माझी आहेच की."

हे पत्र धाडणार नाही. मुद्दामचं बाईंना कळायला नको.

तुमचा,
आनंदाने नापास

ता. क. कागद यांच्या खिशात सापडला. शिकवणीच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो. तिसऱ्या वेळी तो मीच दाबला.
— बाई