राहून गेलेला नंबर

प्रिय उर्वशी,

तू एटापल्लीकडच्या दवाखान्यात गेल्यापासून ऑफिसात तुझी खुर्ची रिकामी आहे, तरी दिवसभर कानावर तुझंच नाव पडतं. प्रफुल सरांची मीटिंग त्यावरूनच सुरू होते. घरी यावं, तर आईचंही तेच. परवा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "काऊन वो दिव्या, उर्वशी कवा येते?" मी म्हटलं, तिला सध्या वेळ नाही. तर म्हणते, "कामाची पोरगी हाय ते." मी तिच्यासमोर जेवत बसले होते, उर्वशी. मीही कामावरूनच आले होते.

तुला आठवतं, चंद्रपूरला नोकरी लागली तेव्हा आपण जटपुरा गेटपासून एकाच ऑटोने जायचो. जंगलातल्या दवाखान्यांनी रक्त मागवायचं आणि ती मागणी इथल्या सर्व्हरवर यायची, एवढंच आपलं काम. प्रोग्राम आपल्या आधीच्या लोकांनी लिहिलेला. त्यात आत कुठे काय आहे हे आपण दोघी मिळून समजून घ्यायचो, आणि कळलं की दोघींनाच कळलेलं असायचं. ते दिवस मला फार आवडायचे. तेव्हा तू पुढे नव्हतीस आणि मी मागे नव्हते.

मग हिवाळ्यात सुकरीचं प्रकरण झालं. बाळंतपणात रक्तस्राव थांबेना म्हणून नर्सबाईंनी मागणी पाठवली, आणि नेमका तेव्हाच आपला सर्व्हर बंद होऊन पुन्हा चालू होत होता. जोडणी नाकारली गेली. अशा वेळी प्रोग्रामने थोडं थांबून पुन्हा विचारायला हवं. पण जुन्या लोकांनी फक्त १११ हा एरर नंबर तपासला होता. आपल्या ऑफिसातल्या लिनक्स कॉम्प्युटरवर नकाराचा नंबर तोच. दवाखान्यातला कॉम्प्युटर विंडोजचा, तो त्याच नकाराला १००६१ म्हणतो. प्रोग्रामला तो ओळखीचा वाटला नाही आणि त्याने मागणी टाकूनच दिली. रक्त आलंच नाही तेव्हा डॉक्टर मोटरसायकलने टेकडीवर गेले, फोनवर बोलता येईल एवढी रेंज मिळवली आणि सांगितलं. सुकरी वाचली, बाळही वाचलं. पण कशी वाचली ते तू आणि मी जाणतो.

त्याच्या कितीतरी आधी मी मीटिंगमध्ये म्हटलं होतं की हे नंबर असे थेट तपासू नयेत. प्रत्येक सिस्टिमचे नंबर वेगळे. ते जिथून आत येतात तिथेच त्यांचा अर्थ लावावा, आणि बाकीच्या प्रोग्रामला फक्त अर्थ कळावा: पुन्हा विचार, की थांब. सर तेव्हा मोबाईल बघत होते. तू त्या दिवशी सुट्टीवर होतीस. सुकरीनंतर डॉक्टर आले तेव्हा तू त्यांना म्हणालीस, "सर, कोणी म्हणते पोट दुखते, कोणी म्हणते कळ मारते. तुम्ही औषध तर एकच देता ना? आपण तसंच करू." डॉक्टर हसले, सरांनी मान हलवली आणि काम तुझ्याकडे गेलं.

तू माझी कल्पना घेतलीस असं मी म्हणत नाही. तुझं तुलाच सुचलं, आणि तेच मला जास्त लागलं. चोरी असती तर भांडता तरी आलं असतं.

सुकरीच्या बाळाला घेतलेला तुझा फोटो ग्रुपवर आला, तो मी मोठा करून पाहिला. बाळासाठी नाही. तुझे केस विस्कटलेत का ते बघायला. विस्कटलेले नव्हते.

मग तू नवा प्रोग्राम सगळ्यांना तपासायला पाठवलास. बाकीच्यांनी 'मस्त' लिहून टाकलं. मी मात्र चुका काढायच्या म्हणूनच बसले. मूळ नंबरही तू नोंदीत जपून ठेवला आहेस, ते मला सुचलं नव्हतं. म्हणून आणखी राग आला. शेवटी ऑफिसातला जुना विंडोजचा लॅपटॉप काढला, मागणी पाठवायला लावली आणि मध्येच इंटरनेटचं डोंगल उपसून घेतलं. आला १००५३. जोडणी आपल्याच मशीनने तोडली की विंडोज हा नंबर देतं. समोरून तुटली, नाकारली, उत्तर आलं नाही, हे सगळं तू घेतलं आहेस. एवढाच राहिला. आपली सगळी तपासणी इथे लिनक्सवर झाली, तिथे तो दिसणारच नव्हता. आणि अनोळखी नंबर आला की तुझाही प्रोग्राम मागणी टाकूनच देतो.

मला आनंद झाला, उर्वशी. मी चहा केला. सोमवारी सगळ्यांसमोर तुझं काम अडकेल, सर माझ्याकडे बघतील, असं मनात रंगवत तो सगळा चहा मी प्याले. मग लक्षात आलं, त्या दवाखान्यातही डोंगलच आहे, आणि तिथलं नेट सारखं तुटतं.

म्हणून हे पत्र. सोमवारी तू तो सगळ्या दवाखान्यांत सुरू करणार, आणि तुझा फोन काही लागत नाही, मेल तू वेळेत बघशील याचाही भरवसा नाही. लागला असता तर मी नुसता नंबर सांगितला असता, बाकीचं नाही. लोकेशभाऊ उद्या जीप घेऊन तिकडे येत आहेत, त्यांच्याजवळ पेनड्राईव्ह देते आहे. त्यात १००५३ आला की पुन्हा विचारायचं, असं केलं आहे. आणि कोणताही अनोळखी नंबर आला तरी मागणी टाकायची नाही, राखून ठेवायची आणि नर्सबाईंसाठी घंटी वाजवायची. आधी तिथल्याच मशीनवर डोंगल काढून बघ, मगच सुरू कर. सुरू तूच कर. पण डॉक्टरांना सांगताना 'आमच्या टीमने शोधलं' असं म्हणू नकोस. दिव्याने शोधलं, असं सांग. सरांसमोरही असंच सांग.

तुझीच,
दिव्या