नवा कॉम्प्युटर अडकत नाही

४ नोव्हेंबर
आलो एकदाचा! राजारामपुरीत घर मिळालं, तेही मागच्या खोलीत मिलिंग मशीन असलेलं. घरमालकीण राजमतीअक्का. त्यांचे यजमान धनपाल यांनी नोकरी सांभाळून हे मशीन घरीच जुळवलं होतं. गेल्या वर्षी ते हृदयविकारानं गेले. मशीन टेबलाएवढंच, पण देखणं. पितळेच्या प्लेटवर फिरतं कटर कॉम्प्युटर सांगेल तसं सरकतं आणि नक्षी कोरतं. मी फाउंड्रीतली नोकरी सोडली ती ह्याच्याच भरवशावर. हुपरीच्या एका चांदीकाराला पैंजणांसाठी ठसे हवेत. पितळेत खोलगट पान कोरायचं, त्यावर चांदीचा पत्रा दाबला की पान उठून येतं. लग्नसराईच्या आधी द्यायचेत. आदिती सध्या गारगोटीला माहेरी आहे. काम बसलं की तिला आणायचं. अक्कांनी गरम भाकरी नि पावट्याची आमटी पाठवली. आज झकास झोप लागणार.

६ नोव्हेंबर
कॉम्प्युटर म्हणजे पुराणवस्तू. पिवळा पडलेला डबा. सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून होतो. आणि अडकतो! पान अर्धं झालं की पडदा गोठतो, कटर जागच्या जागी थांबतं. दिवसभर खटपट केली, दर वेळी त्याच जागी. अक्कांना सांगितलं, तर म्हणाल्या, ह्यांच्या वेळीबी अडकायचाच, ऱ्हाऊ दे त्यो, जुना हाय पर चांगला हाय. अडकणारा कॉम्प्युटर चांगला कसा, हे काही मला कळलं नाही.

९ नोव्हेंबर
नवा घेतला. मशीनच्या वायरीचं तोंड जुन्या काळच्या प्रिंटरला असायचं तसलं रुंद, आणि नव्या कॉम्प्युटरला तसली जागाच नाही. दुकानदार धैर्यशील ती वायर हातात धरून हसत सुटला. "पावणं, ही म्युझियमला द्या की!" आता वेगळं कार्ड मागवायचं. जुना डबा त्यानं बदल्यात ठेवून घेतला. सुटलो.

१२ नोव्हेंबर
सुटलो कसला! कार्ड आलं तर बसेना. बसलं तर मशीनचा प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालेना. तोही चालवला, तर डावीकडं जा म्हटलं की मशीन उजवीकडं जातं. कटर प्लेट धरणाऱ्या लोखंडी पकडीवर आदळून मोडलं. त्यातच चांदीकाराचा फोन, ठसे कुठवर आलेत. कुठवर म्हणजे? हातोडा घेऊन सगळं फोडावंसं वाटतंय.

१५ नोव्हेंबर
चाललं! डावं ते डावं, उजवं ते उजवं. नवं कटर लावलं. उद्या पान.

१६ नोव्हेंबर
पान अर्ध्यावर आलं तेव्हा श्वास रोखून बसलो. अडकलं नाही. पुढं गेलं! एकट्यानंच टाळी वाजवली आणि चहा टाकायला गेलो.
परत येऊन बघतो तर प्लेटवर पान नाही. पानावरूनच कटरनं भलतं खोदलं होतं. हात. माणसाचा पंजा, खऱ्या मापाचा, तळव्यावरच्या रेषांसकट. अंगठ्याजवळचं बोट आणि मधलं बोट अर्ध्यातच संपलेलं. प्रोग्रॅम ओळीनं तपासला. त्यात पानच आहे.

१७ नोव्हेंबर
नवी प्लेट, पुन्हा हात. धैर्यशील म्हणाला व्हायरस असंल. सगळं पुसून नव्यानं घातलं. पुन्हा हात. तीच दोन बोटं आखूड. इतकं पितळ वाया गेलं आणि धड एक पान नाही. रडू येतंय रागानं.

१८ नोव्हेंबर
एक प्लेट अक्कांना दाखवली. त्यांनी हातात घेतलीच नाही.
"जुना डबा कुठाय?"
बदलला म्हटल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. धनपालांनी मशीन जोडलं तेव्हा चांगला कॉम्प्युटर लावला होता. एकदा असाच हात उमटला, करंगळी नसलेला. धनपालांनी हसण्यावारी नेलं, कारण करंगळी जागेवर होती. पुढं त्याच महिन्यात ती ह्याच मशीनच्या कटरखाली गेली. त्यानंतर त्यांनी तो अडकणारा डबा शोधून आणला. काम पुरं होऊच द्यायचे नाहीत, म्हणजे हात उमटायला नको.
मी चिडून विचारलं, आधी का नाही बोललात?
"सांगून कोण ऱ्हायला येतंय, बाबा?"
मग त्यांनी लांबूनच प्लेटकडं निरखून बघितलं आणि दोन्ही हात पदरात ओढून घेतले.
"ह्यो बाईचा हात हाय."

१९ नोव्हेंबर
अक्का मलकापूरला लेकीकडं निघून गेल्या. मागच्या खोलीकडं वळूनही बघितलं नाही. मी मेन स्विच बंद केलाय. शेवटची प्लेट तशीच पकडीत आहे, काढायला हात धजत नाही. आदितीला फोन करून सांगितलं, आत्ता येऊ नको. का, म्हणाली. काय सांगू? रागानं फोन ठेवला तिनं.

२० नोव्हेंबर
तो जुना डबाच परत पाहिजे. धैर्यशीलनं भंगारात दिला! का, म्हणून ओरडलो. नवा झकास चालतोय की, म्हणतो. चालतोय म्हणून तर —

२१ नोव्हेंबर
शिरोली नाक्याजवळचा भंगारवाला. ढीग उपसला. डबा मिळाला. रिकामा. आतलं सगळं काढून —

आदितीचा मेसेज आला. न सांगता आली आहे. घरी आहे. कुंडीखालच्या किल्लीचं मीच कधीतरी बोललो होतो. लिहिलंय, खोलीत केवढा चुरा साचलाय, झाडून घेते, आणि मशीन चालू सोडून कुठं गेलात?

स्विच मी बंद केला होता. मीच, ह्या हातानं —

फोटो पाठवलाय. पकडीतली प्लेट. कोरलेल्या खड्ड्यात तिनं आपला पंजा ठेवलाय. खाली लिहिलंय, बघा, माझ्याच मापाचा. दोन बोटं तेवढी मावत नाहीत.

रिक्षात. पुलावर सगळं ठप्प. फोन वाजतोय, उचलत नाही. गप्प बसवत नाही म्हणून हे खरडतोय. पुन्हा लावला. पुन्हा —

उचलला. आदिती, हात काढ, आधी हात काढ म्हटलं. फोनमध्ये मागं नुसतं कटर फिर