दोन नंबरच्या पंपाचं बेअरिंग

तीर्थरूप मामा,

पाया पडते. तुमचे गुडघे आणि मामीचा रक्तदाब ताळ्यावर असतील अशी आशा. इकडे मी सोडून सगळे ठीक आहेत. (आईला मीही ठीकच आहे असं सांगितलंय.)

तुम्ही निवृत्त झालात आणि आपल्या पंपघरात पंपांना सेन्सर बसले. ते थरथर मोजतात आणि संगणकावर आलेख काढतात. बेअरिंगच्या कड्याला ओरखडा पडला की त्यावरून जाणारी प्रत्येक गोळी ठोका देते. ठोके मोजले की आतलं कडं गेलंय की बाहेरचं तेही कळतं. (हे मला झोपेतही सांगता येतं. त्यापुढचं जागेपणीही येत नाही, असं आता वाटतंय.)

सोमवारी आलेख म्हणाला, दोन नंबरचं बाहेरचं कडं गेलं. मी छातीठोक अहवाल दिला. फिटरकाकांनी दुपारभर खपून बेअरिंग ओढून काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. आरशासारखं लख्ख. मी भिंग लावलं, उजेडात धरलं, शेवटी चष्मा पुसला. काका म्हणाले, "ओरखडा सापडला की मलाही दाखव." आमच्याकडचं एकुलतं एक नवं बेअरिंग बसवलं, तर ठोके होते तसेच. मंगळवारी पुन्हा पंप खोलला आणि काकांनी माझ्याशी बोलणं सोडलं. (पंप बंद असतानाही आलेखात ठोके येत होते, हे मी पाहिलं होतं. मला वाटलं, जुनी नोंद असेल.)

बुधवारी झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, रडतोय तीन नंबर, आणि तुम्ही दोन नंबरलाच का सोलताय?" वायरी तपासल्या, तर दोन आणि तीन नंबरच्या सेन्सरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झालेली. तीन नंबर उघडला, तर कडं उंदरांनी कुरतडल्यासारखं. तो आता बंद आहे आणि वरच्या वस्तीला पाणी निम्म्या दाबानं जातंय.

सगळ्यांना नमस्कार.

तुमची गोंधळलेली भाची

ता. क. दोन नंबरचं काढलेलं बेअरिंग तीन नंबरला चालेल का? काढताना त्याला हातोडा लागला का, हे काकांनाच ठाऊक, आणि ते बोलत नाहीत. तुमच्याशी बोलतील. उद्या सकाळीच याल का?

पुन्हा ता. क. त्या चिठ्ठ्या चुकीच्या कोणी लावल्या, याची चौकशी साहेबांनी माझ्याकडे सोपवलीय. अक्षर माझंच आहे.