माझ्या मुलीला आधी कळतं

आई, तू बिल्डिंगभर सांगून ठेवलंस आणि निघून गेलीस. निस्तरायला मी आहेच.

डोंबिवलीच्या आपल्या या स्वयंपाकघरात तुला किती वेळा समजावलं होतं. समुद्राखाली जमिनीचा एक थर दुसऱ्याखाली शिरतो, अडकतो, आणि एकदम सुटला की भूकंप होतो. पण कधीकधी तो झटक्याने सुटत नाही, आठवडेच्या आठवडे सावकाश सरकत राहतो. वर उभ्या माणसाला पत्ताही लागत नाही. यंत्रावर नुसती बारीक थरथर उमटते, तीही रस्त्याने ट्रक गेल्यासारखी. मी त्याच थरथरीवर काम करते. अजून डोळ्यांसमोर आहे, तू ओट्याखाली तांदळाचा डबा ढकलते आहेस. तो अडकतो, तशी तू फरशीवर पाणी शिंपडतेस आणि तो हळूच आत जातो. "असंच ना?" म्हणतेस. अगदी असंच! मला कोण आनंद झाला होता. पण लगेच तू म्हणालीस, "म्हणजे मोठा कधी येणार ते तुला आधी कळतं." नाही गं, या सरकण्याने शेजारचा भाग सैल होतो की त्याच्यावरचा ताण वाढतो, हेच अजून नीट सांगता येत नाही. "एवढं शिकून?" म्हणालीस, आणि संध्याकाळी समोरच्या काकूंना सांगून आलीस, माझ्या मुलीला भूकंप आधी कळतो.

मी चिडले, तर म्हणे, "अगं, त्यांना बरं वाटतं." तुला बरं वाटायचं, असं सरळ बोलायचं होतंस की.

गेल्या आठवड्यात दुपारी मांडणीतली भांडी वाजली. धक्का लहानच होता, पण सगळे धावत खाली. आपल्या पायाखाली तसले थर नाहीतच, हे घसा फोडून सांगितलं, कोणी ऐकेल तर शपथ. काकूंचे आता गुडघे गेलेत, कठडा धरून धरून उतरल्या होत्या. माझा हात पकडून म्हणाल्या, "तुझी आई सांगायची ना, हिला कळतं म्हणून. तू सांग, वर जाऊ का गं?" तुझा इतका राग आला मला. खरं सांगितलं असतं तर त्यांच्या लेखी तू खोटी ठरली असतीस, आणि त्या उन्हात पार्किंगमध्ये बसून राहिल्या असत्या.

"जा काकू, काही होत नाही," म्हटलं. कशाच्या जिवावर म्हटलं, देव जाणे. त्या निर्धास्त वर गेल्या. तुला पाठवता आलं असतं तरी हे पत्र मी पाठवलं नसतं, पुढचं सांगायची लाज वाटते. मी मात्र दिवेलागणीपर्यंत खालीच थांबले.